पहिला सोबती कोणता निवडावा ?

कोणत्याहि कार्याच्या आरंभीं जी पहिली निवड करावी लागते, तिच्याविषयीं आपल्या घरांत वाद निघाल्यावांचून राहत नाहीं. मुलानें शाळेंत संस्कृत घ्यावें कीं जर्मन, मुलीनें शास्त्रशाखेकडे जावें कीं वाणिज्याकडे, असा प्रश्न निघाला कीं वडील माणसें बहुधा एकच उत्तर देतात : चार शहाण्यांनीं जें घेतलें आणि ज्यानें कोणी अडलें नाहीं, तें घ्यावें. हें उत्तर वाईट आहे असें कोण म्हणेल ? परंतु ज्या कार्यासाठीं निवड करावयाची तें कार्य नेमकें कोणतें, हें ठरल्यावांचून तें अपुरें मात्र राहतें. घरांतील मुलांच्या एका आवडत्या खेळांत हाच प्रश्न पहिल्या कांहीं मिनिटांतच उभा राहतो, आणि खेळण्याचा हेतु बदलतांच त्याचें उत्तर कसें पालटतें, हें मोठ्या माणसांनींहि पाहण्यासारखें आहे. म्हणून या महिन्यांत आम्ही ‘पोकेमॉन’ या खेळाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

ज्या आजी-आजोबांस हा खेळ केवळ नांवानेंच माहीत असेल, त्यांच्यासाठीं थोडी माहिती आधीं सांगितली पाहिजे. जपानांतील सातोशी ताजिरी या गृहस्थांस लहानपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढें शहर वाढत गेलें आणि त्याबरोबर शेतें व डबकीं नाहींशीं झालीं. किडे शोधण्याचा तो आनंद नव्या मुलांनाहि मिळावा, या कल्पनेंतून त्यांनीं आपल्या ‘गेम फ्रीक’ मंडळींच्या साह्यानें हा खेळ रचिला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं तो जपानांत ‘निन्टेंडो’ कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं निघाला. अमेरिकेंत तो १९९८ च्या सप्टेंबरांत ‘पोकेमॉन रेड’ व ‘पोकेमॉन ब्ल्यू’ या दोन आवृत्त्यांनीं गेला. त्यांत १५१ जातींचे काल्पनिक प्राणी आहेत. ते पकडावयाचे, पाळावयाचे, त्यांच्या लढती लावावयाच्या, आठ ‘जिम’ म्हणजे आखाडे जिंकावयाचे आणि शेवटीं चार श्रेष्ठ खेळाडूंस व त्यानंतर आपल्या बाळपणापासूनच्या प्रतिस्पर्ध्यास हरवून विजेत्यांच्या दालनांत प्रवेश करावयाचा, असा एकंदर क्रम आहे. सावकाश खेळणाऱ्यास त्यांत सहज पंचवीस-तीस तास लागतात.

खेळाच्या आरंभींच प्रोफेसर ओक नांवाचे वृद्ध शास्त्रज्ञ मुलापुढें तीन प्राणी ठेवितात व त्यांतील एक घे म्हणून सांगतात. पाठीवर कंद असलेला बल्बासॉर हा वनस्पतिवर्गाचा, शेपटीच्या टोकाला ज्योत असलेला चारमँडर हा अग्निवर्गाचा, आणि लहानशा कासवासारखा स्क्वर्टल हा जलवर्गाचा. पाणी अग्नीस विझवितें, अग्नि वनस्पतीस जाळतो आणि वनस्पति पाणी शोषून घेते. अशा रीतीनें तिघांचें बलाबल चक्राकार बांधिलें आहे. आपण जो घ्यावा त्याला मारक असा दुसरा प्राणी प्रोफेसरसाहेबांचा नातू ताबडतोब उचलतो. आपल्या निवडीबरोबर शत्रूचीहि निवड होते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां परंपरागत सल्ला काय तो पाहूं. पहिल्या आखाड्याचा अधिपति ब्रॉक हा दगडी प्राणी बाळगतो, दुसऱ्याची मिस्टी ही जलचर प्राणी बाळगते, आणि तिसऱ्याचे लेफ्टनंट सर्ज हे विजेचे. दगड व पाणी या दोहोंवर वनस्पतीचा मारा चालतो, आणि विजेचा आघात वनस्पतीस निम्माच लागतो. म्हणून नवशिक्या मुलानें बल्बासॉर घ्यावा, म्हणजे पहिला तिसरा हिस्सा निर्वेध पार पडतो, असें जाणते खेळाडू सांगतात. उलट चारमँडर घेणाऱ्यास पहिल्या दोन्ही आखाड्यांत वारा तोंडावर घेऊनच चालावें लागतें. स्क्वर्टल हा दोहोंच्या मधला. हा सल्ला अगदीं बरोबर आहे, आणि ज्यास खेळाची गंमत सावकाश घ्यावयाची आहे त्यानें तो मुळींच टाकूं नये.

परंतु याच खेळाचा दुसरा एक प्रकार आहे. त्यास ‘स्पीडरन’ म्हणतात. खेळ सुरू केल्यापासून विजेत्यांच्या दालनांत पोंचेपर्यंतचा काळ घड्याळानें मोजावयाचा आणि तो शक्य तितका कमी करावयाचा, एवढाच त्याचा नियम. खेळाच्या रचनेंत राहून गेलेल्या चुकांचा फायदा घेऊन कांहीं मिनिटांत शेवट गाठणारे खेळाडूहि आहेत. त्यांची नोंद निराळी ठेवितात. आपण येथें बोलत आहों तो चुकांचा आधार न घेतां सरळ मार्गानें धांवण्याचा प्रकार. त्यांत जगांतील उत्तम खेळाडू सुमारें पावणेदोन तासांत खेळ संपवितात. पंचवीस तासांचे पावणेदोन तास कशानें होतात ? कोणत्याहि एका चमत्कारानें नव्हे, तर शेंकडों लहान काटकसरींनीं. पडद्यावरील अक्षरें जलद उमटावीं अशी व्यवस्था करितात, लढतींतील हालचालींचीं चित्रें बंद ठेवितात, आणि आपल्या प्राण्याचें नांव एकाच अक्षराचें ठेवितात. कारण तें नांव शेंकडों वेळां पडद्यावर येतें व प्रत्येक अक्षरास क्षणाचा कांहीं अंश खर्ची पडतो. आपल्या घरच्या सुगृहिणीनें वाणसामानाचा हिशेब ठेवावा, त्याच बारकाईनें हे लोक सेकंदांचा हिशेब ठेवितात.

अशा हिशेबी माणसानें पहिला सोबती कोणता घ्यावा ? बल्बासॉर सोपा म्हणून तोच जलदहि असेल, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. तसें नाहीं. प्राणी लढती जिंकून अनुभवाच्या एकेक पायरीवर चढतो. तिला खेळाडू ‘लेव्हल’ म्हणतात. तिन्ही प्राणी आपल्या हातीं येतात ते पांचव्या लेव्हलला. त्या वेळीं तिघांनाहि साध्या धडकेपलीकडे किंवा ओरखड्यापलीकडे कांहीं येत नसतें. स्वतःच्या वर्गाची विद्या पुढें केव्हां तरी मिळते. स्क्वर्टलला ‘बबल’ म्हणजे बुडबुड्यांचा मारा आठव्या लेव्हलला येतो, चारमँडरला ‘एम्बर’ हा निखाऱ्यांचा मारा नवव्या लेव्हलला, आणि बल्बासॉरला ‘वाइन व्हिप’ हा वेलीचा फटका थेट तेराव्या लेव्हलला. आठ आणि तेरा यांत अंतर पांचांचेंच दिसतें. परंतु वरच्या पायऱ्या खालच्यांहून उंच असतात. या तिघांची अनुभव मोजण्याची पद्धति एकच आहे. तींत पांचव्या लेव्हलला १३५ अंक, आठव्याला ३१४ आणि तेराव्याला १,२६१ अंक लागतात. म्हणजे बबल मिळविण्यास १७९ अंकांची मिळकत पुरे, तर वाइन व्हिपसाठीं १,१२६ अंक मिळवावे लागतात, सहापटींहून अधिक! हे अंक किरकोळ पक्षी व किडे यांच्याशीं लढून मिळवावयाचे, आणि प्रत्येक लढत घड्याळांतून आपला वांटा काढून घेणार.

आतां ब्रॉककडे वळूं. त्याच्यापाशीं बाराव्या लेव्हलचा जिओड्यूड व चौदाव्या लेव्हलचा ऑनिक्स असे दोन प्राणी आहेत. दोघेहि एकाच वेळीं दगड व माती अशा दोन वर्गांचे. त्यांचें कवच साध्या धडकेस दाद देत नाहीं. परंतु पाणी व वनस्पति या दोहोंच्या माऱ्यापुढें ते दुहेरी दुबळे ठरतात, म्हणजे आघात चौपट बसतो. बबलचें मूळ बळ अवघें २०. चौपट झालें कीं ८०. एम्बरचें मूळ बळ ४०, पण दगडावर निखारा निम्माच चालतो, म्हणून २०. वाइन व्हिपचें बळ ३५, त्याचे चौपटीनें १४०. केवळ बळाकडे पाहिलें तर बल्बासॉरच श्रेष्ठ. पण तें बळ हातीं येईपर्यंत स्क्वर्टलवाला ब्रॉकला नमस्कार करून पुढच्या गांवीं गेलेला असतो. बल्बासॉरला सातव्या लेव्हलला ‘लीच सीड’ नांवाची एक विद्या मिळते खरी. पण ती शत्रूचें बळ फेरीगणिक सोळावा हिस्सा शोषीत बसते. जिंकण्यास ती पुरेशी आहे, धांवण्यास नाहीं.

स्क्वर्टलच्या बाजूनें दुसरेंहि एक कारण आहे. त्याला जन्मतःच शेपूट हलवून शत्रूची बचावशक्ति कमी करण्याची युक्ति येते. इतर दोघांना शत्रूचा आघात कमी करणारी गुरगुर येते. गुरगुरण्यानें आपण अधिक वेळ टिकतों, शेपूट हलविण्यानें शत्रु लवकर पडतो. प्रोफेसरांच्या नातवाशीं प्रयोगशाळेंतच जी पहिली लढत होते, तींत दोघेहि केवळ धडका देत असतात. तेथें हा भेद उपयोगीं पडतो. ती लढत हरल्यानें खेळ संपत नाहीं, पण जिंकणाऱ्याचा प्राणी एक लेव्हल वर चढतो, आणि तेवढें अंतर पुढें कमी चालावें लागतें.

येथवर वाचून स्क्वर्टल हाच या धांवेचा नायक असें कोणास वाटेल, तर खरी मौज पुढेंच आहे. जलद धांवणारा खेळाडू व्हिरिडियन गांवाच्या पश्चिमेस एका गवताळ रस्त्यावर जातो आणि तेथें निडोरान नांवाचा एक लहानसा, शिंगवाला, दिसण्यांत अगदीं सामान्य असा नर पकडतो. तीन नामांकित प्राण्यांना सोडून सर्व संगोपन पुढें या रानांतल्या पोराचें होतें ! सोळाव्या लेव्हलला तो निडोरिनो होतो. माउंट मून या डोंगरांत सांपडणारा ‘मून स्टोन’ त्याला दिला कीं तत्क्षणीं निडोकिंग होतो. इतर बहुतेक बलवान प्राणी पूर्ण वाढीस येण्यास तिसाव्या-छत्तिसाव्या लेव्हलची वाट पाहावी लागते. हा मात्र दुसऱ्या आखाड्यापूर्वींच प्रौढ झालेला असतो. त्यांत तो विष व माती या वर्गांचा असल्यामुळें लेफ्टनंट सर्ज यांची वीज त्याला शिवतहि नाहीं. आणि पाणी, बर्फ, वीज, भूकंप अशा नाना विद्या त्याला शिकवितां येतात.

त्याचा शेवटचा हुकमी डाव तर ऐकण्यासारखा आहे. ‘हॉर्न ड्रिल’ नांवाची एक विद्या आहे. ती लागली कीं शत्रु एका घावांत पडतो, पण शंभरांत तीस वेळांच लागते, आणि शत्रु आपल्याहून चपळ असेल तर मुळींच लागत नाहीं. सेलाडॉन शहरांतील मोठ्या दुकानांत ही विद्या विकत मिळते, आणि त्याच दुकानांत ‘एक्स अ‍ॅक्युरसी’ व ‘एक्स स्पीड’ या दोन वस्तूहि मिळतात. या पहिल्या पिढीच्या खेळांत एक्स अ‍ॅक्युरसी वापरली कीं त्या लढतीपुरता नेम चुकतच नाहीं. एक्स स्पीडनें चपळाई वाढते. म्हणजे तीस टक्क्यांचा जुगार शंभर टक्क्यांचा व्यवहार होतो. मर्यादा दोनच. ही विद्या भरपाई केल्याशिवाय पांचच वेळां चालते, आणि भुतांच्या वर्गावर तिचा कांहीं परिणाम होत नाहीं. म्हणून चार श्रेष्ठांपैकीं अगाथा या भुतें बाळगणाऱ्या बाईंसाठीं भूकंप राखून ठेवावा लागतो.

मग स्क्वर्टलचें काय झालें ? तो ब्रॉकपर्यंतचा रस्ता साफ करून मागें सरतो. परंतु निरुपयोगी होत नाहीं. पुढें पाणी ओलांडण्यास ‘सर्फ’ आणि मोठे दगड ढकलण्यास ‘स्ट्रेंग्थ’ या विद्या कोणाला तरी शिकवाव्या लागतात. स्क्वर्टल दोन्ही शिकतो, तर बल्बासॉरला अशा पांच प्रवासविद्यांपैकीं झाडें तोडण्याची एकच येते. आणि मघां ध्यानांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट येथें फळास येते. आपण स्क्वर्टल घेतला म्हणून प्रतिस्पर्ध्यानें बल्बासॉर घेतला. तो शेवटच्या लढतींत व्हीनसॉर होऊन येतो, आणि त्याचा वनस्पतीचा मारा निडोकिंगला अधिकहि लागत नाहीं व उणाहि लागत नाहीं. आपण चारमँडर घेतला असता तर शत्रूजवळ जलवर्गाचा ब्लास्टॉइज आला असता, आणि मातीच्या वर्गाच्या निडोकिंगवर त्याचें पाणी दुप्पट बसलें असतें. पहिल्या पांच मिनिटांतील निवडीचें बरें-वाईट फळ दीड तासानें पदरांत पडतें, तें असें.

इतका विचार करूनहि दैवाचा भाग उरतोच. प्रत्येक प्राण्यास जन्मतः आघात, बचाव, चपळाई व विशेष शक्ति यांचे शून्यापासून पंधरापर्यंतचे गुप्त अंक लाभतात. ते उणे पडले तर सर्व धांव लंगडी होते. शिवाय या जुन्या खेळांत एक विलक्षण दोष राहून गेला आहे : जो मारा शंभर टक्के लागेल असें म्हटलें आहे, तोहि २५६ वेळांत एकदां चुकतो. दीड तास निर्दोष खेळलेल्या मुलाचा मारा शेवटच्या दालनांत असा चुकला, तर त्याला दोष कोणी द्यावा ? त्यानें पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा, एवढेंच त्याच्या हातीं असतें.

आणि घरांतील वादाला सुरुवात होते ती नेमकी येथेंच. “अरे, कालच तर संपविलास ना हा खेळ ? मग आज पुन्हां तोच ?” असें आजी विचारते. नातू म्हणतो, “आजी, आत्या रोज संध्याकाळीं तोच यमन घोळते, तिला तूं कधीं विचारतेस का ?” हें उत्तर केवळ उद्धट म्हणून टाकून देण्याजोगें नाहीं, आणि सर्वस्वीं खरेंहि नाहीं. एकच गोष्ट पुनःपुन्हां करून तींतील उणें काढीत जाणें, प्रत्येक टप्प्याची वेळ वहींत लिहून कालच्याशीं ताडून पाहणें, दैवानें दगा दिला तरी संतापून यंत्र न आपटणें, हे गुण रियाजांत लागतात तसे येथेंहि लागतात. परंतु रियाजानें गळा तयार होतो व तो पुढच्या प्रत्येक रागांत साथ देतो. या धांवेनें हातीं येतो तो एक आंकडा. कालच्यापेक्षां बारा सेकंद कमी, एवढ्या आनंदासाठीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं दोन तास द्यावे कीं नाहीं, हा प्रश्न आजीच्या बाजूनें खरा आहे. याच खेळाडूंनीं आपल्या छंदाचें सोनेंहि करून दाखविलें आहे, हें आजीलाहि सांगितलें पाहिजे : २०१० पासून अमेरिकेंत ‘गेम्स डन क्विक’ नांवाचे मेळे भरतात, आणि तेथें अशा धांवा लोकांसमोर खेळून कर्करोग-प्रतिबंधाच्या व डॉक्टरांच्या परोपकारी संस्थांसाठीं मोठ्या देणग्या जमविल्या जातात.

आमची सूचना अशी आहे. ज्या मुलास ही धांव शिकावयाची असेल, त्यानें प्रथम एकदां तरी सारा खेळ सावकाश, आपल्या मनास आवडेल तो प्राणी घेऊन पुरा करावा; ज्यानें गांव पाहिलेंच नाहीं, त्यानें आडवाटा शोधूं नयेत. त्यानंतर धांवेचे तुकडे पाडून एकेक तुकडा शिकावा. ब्रॉकपर्यंतचा पहिला टप्पा पक्का करण्यास रोजचा अर्धा तास पुरतो. पुरी धांव सुट्टीच्या दिवशीं एकच करावी. आणि आरंभीं तरी ती बिघडली म्हणून मध्येंच सोडूं नये. वाईट दिसतांच डाव मोडून टाकण्याची संवय निष्णात खेळाडूस परवडते, शिकाऊ मुलास ती फक्त आरंभच शिकविते, शेवट शिकवीत नाहीं. आणि त्या दिवशीं घड्याळ धरण्याचें काम आजोबांकडे द्यावें. एकदां घड्याळ हातीं आलें कीं स्क्वर्टलनें आठवी लेव्हल गांठली कीं नाहीं, ही चौकशी तेच सर्वांआधीं करूं लागतील.

तेव्हां पहिला सोबती कोणता ? सुखानें प्रवास करावयाचा असेल तर बल्बासॉर, आणि घड्याळाशीं शर्यत असेल तर स्क्वर्टल. चारमँडर ज्यांना केवळ त्याच्या शेपटीवरील ज्योतीसाठीं आवडतो, त्यांनीं तोच घ्यावा आणि कष्टाची तयारी ठेवावी. आवडीनें पत्करलेले कष्ट जड वाटत नाहींत. मात्र निवड करण्यापूर्वीं आपण कोणत्या वाटेनें निघालों आहों तें प्रत्येकानें स्वतःशीं ठरवावें. शहाण्यांचा सल्ला खोटा नसतो; तो त्यांच्या वाटेचा असतो, एवढेंच.